माणसांची आणेवारी

बोडीटोल्याचा तलाव दुरून अजून तलावासारखाच दिसायचा. जवळ गेलं की कळायचं, चकाकतंय ते पाणी नाही. या बाजूच्या मातीच्या पाळीपासून त्या बाजूच्या पाळीपर्यंत काळ्यानिळ्या काचेच्या पट्ट्या तरंगत होत्या, गोधडीला ठिगळं जोडावीत तशा एकीला एक जोडलेल्या. त्यांच्यावर ऊन पडायचं, उन्हाची वीज व्हायची, आणि ती वीज तारांवरून गावाच्या डोक्यावरून शहराकडे निघून जायची. खाली अंधारात पाणी होतं. त्या पाण्यात मासा आहे की नाही हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं, कारण जाळं टाकायला बोटभर जागा मोकळी नव्हती.

चार पिढ्या या पाण्यात मासेमारी करून जगलेले ढीवर दिवसभर पाळीवर बसून असत. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून बसत, आणि बसायची जुनी सवय म्हणूनही. कंपनीने चाळीस जणांना काम देऊ म्हटलं होतं. काचा पुसायचं काम यंत्रं स्वतःच करू लागली. उरलं एक चौकीदाराचं काम. ते सुकरू मामाला मिळालं, कारण म्हातारा सगळ्यांत स्वस्त होता.

दामिनी नान्हे याच गावची. चौतीस वर्षांची, बारावी शिकलेली, नवऱ्याचं घर सोडून मायजवळ येऊन राहिलेली. तिच्या हातात सरकारने एक पाटी दिली होती, तीही काचेचीच. पाटीत चौसष्ट प्रश्न होते. घरोघर जायचं, विचारायचं, बोट टेकवायचं.

या यंत्रणेचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, ‘सामाजिक ताण पूर्वसूचना प्रणाली’. जिने ती बनवली ती बाई तिला नुसतं ‘ओल’ म्हणायची.

त्या बाईचं नाव डॉ. मृणाल टेंबे. नागपूरच्या शिबिरात तीस गावांतल्या तीस बायका समोर बसल्या होत्या, तेव्हा टेंबेबाईंनी पहिलाच प्रश्न केला होता, “तलावाच्या गावचं कोण आहे? पाळ कशी फुटते, सांगेल का कोणी?”

दामिनीने हात वर केला. “एकदम नाही फुटत, मॅडम. आधी ओल येते. बाहेरच्या अंगाला, जिथं गवत जरा जास्तच हिरवं दिसते तिथं. आत खेकड्यानं बीळ केलेलं असते. तेव्हाच माती भरली तर पाळ वाचते. पाणी दिसायला लागलं म्हणजे मग पळाचं.”

टेंबेबाई टाळी वाजवून हसल्या होत्या. “माझी अकरा वर्षं गेली हे शोधायला.”

मग त्यांनी समजावून सांगितलं होतं. तीन खंडांतल्या बावीस गरीब देशांत जिथे जिथे माणसांनी बॉम्ब लावले, पूल उडवले, शेजाऱ्यांना मारलं, तिथल्या आधीच्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी यंत्राला वाचायला दिल्या. दवाखान्याच्या, शाळेच्या, बसच्या, टपालाच्या नोंदी. यंत्राने त्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढून दाखवली. गरिबी एकटी बंदूक उचलत नाही. तसं असतं तर जगातली अर्धी माणसं बंदुका घेऊन फिरली असती. बंदूक उचलली जाते ती चार गोष्टी एका घरात जमल्या म्हणजे. काही देऊ म्हणून सांगितलं आणि दिलं नाही. शिकवलं आणि शिक्षणाला काम दिलं नाही. दाद मागायला गेला तर दार लागलेलं. आणि चौथी, चारचौघांत झालेला अपमान. पहिल्या तीन गोष्टी म्हणजे खेकड्याची बिळं. चौथी म्हणजे पाऊस. तेवढं झालं की हाक मारणारा कुठून तरी येतोच.

“या चारही गोष्टी मोजता येतात,” टेंबेबाई म्हणाल्या होत्या. “उत्तर न मिळालेले अर्ज मोजता येतात. तिकीट काढून मुलाखतीला गेलेली आणि त्याच दिवशी परत आलेली पोरं मोजता येतात. उरलेलं तुम्ही विचारून आणायचं. शंभरपैकी साठच्या वर आकडा गेला, की सरकार त्या गावात माती भरेल. काम, मास्तर, न्यायाचा कॅम्प.”

“म्हणजे आणेवारीसारखं?” दामिनीने विचारलं होतं.

टेंबेबाईंना घाई होती. त्या हसून म्हणाल्या, “हो, तसंच समजा.”

त्या एका ‘तसंच’मध्ये बोडीटोल्याचं पुढचं सगळं होतं.

आणेवारी म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या पोराला पाळण्यात कळतं. पीक रुपयाला किती आणे आलं ते गावाने आणि सरकारने मिळून ठरवायचं. आठ आण्यांच्या खाली आलं तर दुष्काळ, आणि दुष्काळ म्हटला की सवलत. वर आलं तर तुमचं तुम्ही. दामिनीचा बाप मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष म्हणून त्या समितीत बसायचा. घरी येऊन धोतराचा सोगा झटकत म्हणायचा, “बारा आने पिकलं तं सात आने सांगाचं, पोरी. खरं सांगनारं गाव उपाशी मरते.” गाव त्याला अजून नावाजायचं. त्याच्या खोट्यावर गाव दोन दुष्काळ तगलं होतं.

*

पहिली फेरी दामिनीने इमानाने केली. पहिला प्रश्न तर विचारावाच लागायचा नाही. ‘घरात माणसं किती?’ हा आकडा यंत्र रेशनच्या, दवाखान्याच्या, जन्ममृत्यूच्या नोंदींतून स्वतःच भरून ठेवायचं. दामिनीने फक्त पडताळून ‘बरोबर’वर बोट टेकवायचं. खालच्या आळीतल्या एका घरात पाटीने पाच दाखवले आणि सुनेला धरून मोजणी चारच भरली, तेव्हा सासू भांडायलाच उठली. मग आतल्या खोलीतून तिची सून लाजत बाहेर आली. रात्री तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होऊन सकाळीच परतली होती, पोर पदराखाली होतं. सासूला शेजारणींना सांगायलाही सवड मिळाली नव्हती.

“पाहा बाप्पा,” पाळीवर बसलेला सुकरू मामा म्हणाला, “बारसं आमच्या घरी, अन् पेढे यंत्राच्या तोंडात!”

गावाचा आकडा आला एक्केचाळीस.

दामिनी घरी आली. माय, कौतिका, ओट्यावर जाळं विणत बसली होती. तलाव झाकला त्याला पाच वर्षं झाली, पण तिची सुई थांबली नव्हती. विणायची आणि गायची.

“पाळीवरचा मोहा बाई, त्याची सावली पान्यात,
लेक गेला दूर देशा, त्याची सावली मनात.”

“माय, मी इथंच बसलो हाओ,” आतून लोकेश ओरडला. “मले काहून दूर देशी धाडून रायली? चहा तं पेऊ दे.”

लोकेश दामिनीहून आठ वर्षांनी लहान. विजेच्या कामाचं आयटीआय केलेलं. कंपनीत लाईनमनच्या जागेसाठी त्याने सात वेळा अर्ज केला होता आणि आठवा करून बसला होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाचगाण्याची दंडार व्हायची, त्यात तो बाईचं काम करायचा. हिरवं लुगडं नेसून, घुंगरू बांधून तो उभा राहिला, की म्हाताऱ्या बायका कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढायच्या. दंडारीचे दिवेही तोच जोडायचा. म्हणायचा, “उजेड पाडनारा बी मीच अन् उजेडात नाचनारी बी मीच.”

“एक्केचाळीस,” दामिनी म्हणाली.

“साठ पाह्यजे ना? मंग नापास.” लोकेशने कपाळाला हात लावला. “ताई, आपला बाप असता तं पंचाहत्तर आनले असते.”

तो गमतीने म्हणाला. दामिनीच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं. साठच्या वर गेलं तर काम येणार होतं. काम आलं तर आठवा अर्ज लागणार होता. बाजूच्या टोल्यातल्या मुलीची बोलणी अडली होती ती सुटणार होती. भावाच्या डोक्यावर अक्षता पडायला एकोणीस आकड्यांचं अंतर होतं, आणि पाटी तिच्याच हातात होती.

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी गाव पाळीवर जमलं. दामिनीने एकेक प्रश्न वाचला आणि काय सांगायचं ते ठरलं. बायका खो खो हसत होत्या.

“प्रश्न सत्तेचाळीस. घरातलं कोणी तरणं माणूस सरकारवर फार चिडतं का?”

“माहा नवरा माह्यावर चिडते. चालंन का?”

“प्रश्न एकोणपन्नास. परगावचं कोणी येऊन तुम्हाला तुमच्या हक्काबद्दल बोलतं का?”

“मी तं बॉम बनवतो म्हनून लिही,” सुकरू मामा म्हणाला. “कंपनीची शिट्टी गळ्यात घालून बनवतो.”

“मामा, तुमाले विडी पेटवता नाई येत,” लोकेश म्हणाला, “बॉम कोठचा पेटते!”

हसता हसता दामिनी एकावन्नाव्या प्रश्नाशी आली. ‘अन्याय दूर करण्यासाठी हिंसा योग्य ठरते का? कधीच नाही, कधी कधी, नेहमी.’

तलावाच्या काचेवर एक बगळा उतरला, पाय सरकला तसा फडफडून उडून गेला.

“लिही,” लोकेश म्हणाला. “कधी कधी.”

आकडा आला अठ्ठ्याहत्तर.

*

सरकारची गाडी आली तेव्हा गावाने तिला ओवाळलं. कौतिकानेच ताट घेतलं होतं. गाडीतून जो उतरला त्याने कुंकू लावून घेतलं, नारळ घेतला, आणि शाळा कुठे आहे ते विचारलं. मागून आणखी सहा गाड्या आल्या. संध्याकाळपर्यंत शाळेभोवती काटेरी तार लागली आणि आत विशेष दलाचा तळ बसला. पोरांना मोहाच्या झाडाखाली शिकवू असं ठरलं. मग मास्तरनेच बदली करून घेतली.

बोडीटोला नकाशावर लाल झाला. तो नकाशा कोणालाही बघता येत होता. सरकारने तो अभिमानाने सगळ्यांना खुला केला होता. कंपनीच्या विमेवाल्यांनी तो बघितला, आणि लाल गावचा माणूस कामाला ठेवायचा नाही असं ठरलं. आठवा अर्ज परत आला. बसवाल्यांनी बघितला, बस नाक्यावरूनच मागे फिरू लागली. बाजूच्या टोल्यातल्या मुलीच्या बापानेही बघितला. बिचाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं, “पोरगं सोन्यासारखं हाये, कौतिकाबाई. पन गावाचा रंग पाहून लेक द्यावी लागते आता.”

“थोडं थांब,” दामिनी लोकेशला म्हणायची. “आधी बंदोबस्त येते, मागून काम येते. तसंच असंन.”

“दुष्काळात आधी पोलीस येत होते काय, ताई?”

दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या. लोकेश लांबच्या गावी दंडारीला गेला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी परत येत होता. नाक्यावर दलाच्या वर्दीवाल्यांनी त्याची पिशवी उघडली. पिशवीत वायरचं भेंडोळं होतं, पकड होती, टेस्टर होता. आणि हिरवं लुगडं, घुंगरू.

वायर कशाला, हे त्याने सांगितलं. लुगडं कशाला, हेही सांगितलं. वर्दीवाल्यांपैकी एकाला ते खरं वाटलं नाही आणि दुसऱ्याला फार गमतीचं वाटलं. “नाच मग,” तो म्हणाला. “खरा असशील तर नाचून दाखव.”

नाक्यावर तीन गाड्यांचा खोळंबा झालेला. शंभरेक माणसं उभी. लोकेशने शर्ट काढला, लुगडं गुंडाळलं, घुंगरू बांधलं. तापलेल्या डांबरावर अनवाणी तो दंडारीचं सबंध पद नाचला. म्हातारीने जावयाची वाट पाहिल्याचं, हसरं पद होतं ते. माणसं खाली बघत उभी होती. गर्दीतून एकच कोणी तरी हसलं, आणि त्याचं हसू लगेच विरलं. पद संपल्यावर त्याला जाऊ दिलं. वायर ठेवून घेतली.

घरी येऊन त्याने लुगड्याची घडी घातली, मायच्या पेटीत ठेवली. पाय फोडांनी भरले होते. कौतिका हळद लावायला लागली तर म्हणाला, “राहू दे, माय. काई नाई झालं.”

त्या दिवसापासून तो घरात हसला नाही. दामिनीला टेंबेबाईंचे शब्द आठवले. तीन बिळं, आणि चौथा पाऊस.

*

ती नागपूरला गेली. टेंबेबाईंच्या खोलीत पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. बाई खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, पाहुण्यांसारख्या.

“मॅडम, मी खोटं लिहिलं,” दामिनीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. “सगळ्या गावानं मिळून. आणेवारीत लिहितात तसं. मला कामावरून काढा, तुरुंगात टाका, पण आमचा आकडा खाली करा.”

टेंबेबाईंनी तिला बसायला सांगितलं.

“आणेवारी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही विचारलं होतंत. मी हो म्हटलं होतं.”

“तुम्हाला आठवते?”

“आता आठवलं.” त्यांनी पडद्यावर एक कागद उघडला. “हा माझा अहवाल. साठच्या वर गेलेल्या गावांत काय करायचं त्याचे दोन भाग होते. एक मातीचा. काम, शाळा, सुनावणी. दुसरा बंदोबस्ताचा, अगदीच नाइलाज झाला तर. दुसरा मंजूर झाला. पहिला विचाराधीन आहे. दोन वर्षं.”

“मग आम्ही आता खरं सांगतो. पुन्हा फेरी करते. सगळे सांगतील, आम्ही सुखात आहोत.”

“ते यंत्र ऐकणार नाही. अठ्ठ्याहत्तरावरचं गाव एकदम शांत झालं, तर यंत्र समजतं की कोणीतरी धाक घातलाय. बावीस देशांत असंच झालं होतं. स्फोटाच्या आधी गावं गप्प होतात. त्याने आकडा आणखी चढतो.” बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. “आणि मी तुमची सगळी उत्तरं बाजूला काढून बघते अधूनमधून. नुसत्या नोंदींवर. बंद शाळा, परत आलेले अर्ज, नाक्यावरच्या तक्रारी. तुमच्या खोट्याशिवाय आज बोडीटोल्याचा आकडा एक्क्याऐंशी आहे.”

दामिनी त्या आकड्याकडे बघत राहिली.

“म्हणजे मी लिहिलं ते…”

“खरं झालं. तीन आकडे जास्तच.” टेंबेबाईंनी एका खोक्याचं झाकण लावलं. “मी राजीनामा दिलाय. त्याने काही होणार नाही. यंत्र माझ्याशिवाय उत्तम चालतं.”

दामिनी घरी पोचली तेव्हा ओट्यावर माय एकटीच होती. लोकेशचा मोबाईल कोनाड्यात ठेवलेला होता, शेजारी आयटीआयचा दाखला. “मंडईले जातो म्हने,” कौतिका म्हणाली. मंडयांचा हंगाम सरून महिना झाला होता.

*

त्या मुलखात तेव्हा ‘काळोखवाले’ म्हणून एक टोळी फिरत होती. ‘आमचं पाणी झाकून तुमचा उजेड’ असं भिंतींवर लिहायचे आणि विजेचे मनोरे पाडायचे. त्यांचा म्होरक्या कोण, पैसा कुठला, कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांना माणसं कुठून मिळतात एवढं मात्र नकाशावर लाल रंगात दिसत होतं.

तालुक्याच्या बाजारात, भर अकरा वाजता, वांग्याच्या ढिगापाशी दामिनीच्या शेजारी कोणीतरी वाकलं. “हे किडके हायेत, ताई. तिकडचे घे.”

दाढी वाढली होती. डोळे आत गेले होते. तिने त्याचं मनगट धरलं.

“घरी चाल.”

“कोनत्या?”

“लोकेश, मी पाया पडतो तुया. माय तुया नावानं जाळं विनून रायली. चाल, ठान्यावर जाऊ, मी सांगतो सगळं. मीच खोटं लिहिलं होतं म्हनून सांगतो.”

“तू खोटं नाई लिहिलं, ताई.” तो वांगी उलटीसुलटी करत राहिला. “तू फक्त घाईनं लिहिलं.”

“का करतं तू तिथं?”

“तारा जोडतो. शिकलो तेच.” तो किंचित हसल्यासारखा झाला. “आठ अर्ज केले तं कोनी नाई दिलं. यांनी अर्ज बी नाई मांगला.”

“कोनी मेलं म्हंजे?”

“आमी मनोरे पाडतो. मानसं नाई.”

“तारेले कळते का ते?”

त्याने खिशातून नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ काढून तिच्या पिशवीत टाकलं. “मायले दे. तिचा दोरा संपला असंन.” आणि मनगट सोडवून माणसांत मिसळला. तिला ओरडता आलं असतं. बाजारात वर्दीवाले होते. ती वांगी मोजून घेत राहिली.

बारा दिवसांनी, सकाळच्या चहाच्या वेळेला, बोडीटोल्याच्या पाळीवरचं कंपनीचं वीजघर उडालं. धूर विरला तेव्हा काचेच्या पट्ट्यांमध्ये एक भगदाड पडलेलं दिसलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा तलावाचं पाणी उघडं पडलं होतं, आणि त्यावर सुकरू मामाच्या शिट्टीची दोरी तरंगत होती. तो रात्रपाळी संपवून विडी ओढायला आत गेला होता, असं मागून कळलं. सोबत कंपनीचा एक लाईनमन होता, परगावचा, तेवीस वर्षांचा, लोकेशने ज्या जागेसाठी आठ अर्ज केले त्या जागेवरचा.

सुकरू मामाची बायको कौतिकाच्या अंगणात येऊन बसली. रडली नाही. “तुया पोराच्या हातचं हाये का हे?” एवढंच विचारलं. कौतिकाची सुई थांबली. दोघी म्हाताऱ्या उन्हं कलेपर्यंत समोरासमोर बसून राहिल्या. मग सुकरूची बायको उठली आणि जाताना अंगणाचं फाटक ओढून लावून गेली. चाळीस वर्षांत ते फाटक कोणी लावलं नव्हतं.

महिन्याभरात शहरात मोठा समारंभ झाला. ‘ओल’ने बोडीटोल्याचा अंदाज अकरा महिने आधी, अचूक दिला होता. अचूक माहिती आणल्याबद्दल दामिनीलाही शाल मिळाली. टाळ्या वाजत होत्या. तिला वाटलं, उठून सांगावं. पण काय सांगावं ते तिला सुचेना. आकडा तर बरोबरच आला होता.

मग तिला नवी गावं दिली. पहिल्याच गावात बायकांनी तिला गराडा घातला. “बाई, आमचा आकडा चांगला मोठा लिहाजा.”

“मोठा नका लिहू बायांनो,” ती म्हणाली. “हे आणेवारीसारखं नाही.” तिने सगळं सांगितलं, नाक्यापासून वीजघरापर्यंत. बायकांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्यातली एक म्हणाली, “तुमच्या गावाले पक्की सडक झाली ना? गाड्या येतेत ना? तुमाले शाल भेटली ना? मंग आमच्याच वेळी काहून नाई म्हनता?”

*

वर्ष सरलं तसा बोडीटोल्याचा फेरा पुन्हा आला. नियम असा होता, की मोजणाऱ्या बाईने स्वतःचंही घर मोजायचं. दामिनीने ते शेवटाला ठेवलं. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. कौतिका नायलॉनच्या दोऱ्याने विणत होती. जाळं आता सबंध अंगणभर झालं होतं, इतकं मोठं, की कोणत्याच तलावात मावलं नसतं. ती गुणगुणत होती,

“पान्यावरती काच बाई, सावली पडंना,
लेकाबिगर दारी माह्या, पाखरू उडंना.”

“माय, तुले विचाराचं हाये,” दामिनी म्हणाली. “सरकारी.”

“इचार.”

“पैला प्रश्न. घरात मानसं किती?”

“तीन,” कौतिका म्हणाली. सुई थांबली नाही. “तू, मी, अन् तो. बाहेर गेला म्हनून का मानूस कमी होते? तीन लिही.”

दामिनीने पाटी उघडली. घराचा क्रमांक टाकला. पहिल्या प्रश्नापुढचा चौकोन भरलेला होता, नेहमीसारखा.

दोन.

तिला वाटलं, चुकून दुसरं घर उघडलं. तिने पुन्हा क्रमांक टाकला. दोन. तिने आकड्यावर बोट दाबून धरलं, तसा खाली बारीक अक्षरांत तपशील आला. लोकेश नान्हे. वय सत्तावीस. मृत्यूची नोंद नऊ दिवसांपूर्वी, दुसऱ्या जिल्ह्यात. कारण, चकमक. घरी कळवल्याचा रकाना रिकामा होता.

शाळेच्या तारेपलीकडे कोणीतरी शिट्टी वाजवली. काचेवर ऊन चढत होतं.

“किती दाखवते ते?” कौतिकाने विचारलं.

बाप आणेवारीच्या समितीत बसायचा तशी दामिनी ताठ बसली.

“तीन, माय.”

“मंग बरोबर हाये,” माय म्हणाली, आणि तिने पुढची गाठ मारली.

दामिनीने ‘बरोबर’वर बोट टेकवलं.